आवाहन : गावच्या दवाखान्यातल्या एक्स-रेला डिजिटल डिटेक्टर हवा आहे

समस्त ग्रामस्थ, चाकरमानी आणि माहेरवाशिणींना मंडळाचा नमस्कार.

गेल्या वैशाखात हापूस काढताना आपल्या वाडीतला एक गडी फांदीसकट खाली आला, तो थेट टाचांवर. उजवी टाच टम्म फुगली. टाचेचा एक्स-रे काढला, प्लास्टर घातलं. कंबर धरलीय असं तो सांगत होता, पण टाचेच्या कळांपुढे ते कुणी मनावर घेतलं नाही. तीन आठवड्यांनी कंबरेचा फोटो काढला तेव्हा मणका चेपलेला निघाला. उंचावरून टाचांवर पडलं की धक्का पायांतून वर कण्यात जातो. म्हणून टाचेचं हाड मोडलेलं दिसलं की मणकाही बघायचा असतो. रेडिऑलॉजिस्टच्या, म्हणजे एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या, नजरेखालून ती फिल्म गेली असती तर हा प्रश्न त्याच दिवशी निघाला असता.

आपल्याकडे यंत्र आहे. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून खोलीच्या भिंती नऊ इंची आहेत, एक्स-रे यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणीही आहे. नाही तो फोटो वाचणारा. आज आपण फिल्म डार्करूममध्ये धुतो, खिडकीला धरतो आणि मोबाईलने फोटो काढून शहरातल्या डॉक्टरांना पाठवतो. त्यात मागे खिडकीचे गज आणि मधोमध आपल्याच बोटांची सावली. ‘यावर रिपोर्ट देणार नाही’ असं तिथल्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट कळवलं, आणि त्यांचं बरोबरच आहे.

अंगणातल्या शेवाळावर घसरून हात टेकला की अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. तिथलं होडीच्या आकाराचं इवलंसं हाड तडकलं तरी पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही. हात बांधून ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे. आपल्या फिल्म मात्र पावसाळ्यात दमट होऊन एकमेकींना चिकटतात. लावणी करून गुडघे गेलेल्या बायकांचा फोटो उभं करूनच काढायला हवा. आडवं झोपवलं की झिजलेल्या सांध्यातही हाडांमधली फट बरी दिसते. अशा बारकाव्यांसाठीही फोटो कसा काढला ते विचारणारं जाणकार माणूस लागतं.

डिटेक्टर म्हणजे फिल्मऐवजी किरण टिपणारी डिजिटल पाटी; तो जुन्या यंत्रालाच जोडता येतो. चित्र काही सेकंदांत संगणकावर येतं, मोठं करून, उजेड कमी-जास्त करून बघता येतं आणि जसंच्या तसं रेडिऑलॉजिस्टकडे जातं. रोंटगेनने १८९५ साली हे किरण शोधले आणि पेटंट घेतलं नाही. डिटेक्टरवाले तितके उदार नाहीत. संगणक आणि इन्व्हर्टर धरून सात लाखांचा अंदाज आहे, त्यातले अडीच लाख जमले. एमआरआयचं स्वप्न आम्ही पाहत नाही. ती गरज लागेल त्याला रत्नागिरीला पाठवू.

शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल. ज्यांना रिपोर्टची फी झेपणार नाही त्यांची फी मंडळ भरणार आहे; कुणी वर्षभरासाठी तेवढाच भार उचलला तरी मोठं काम होईल. निवृत्त एक्स-रे टेक्निशियन कुणाच्या नात्यात असतील तर त्यांना आठवडाभर गावी घेऊन या. राहण्याजेवण्याची सोय आमच्याकडे.

गणपतीत पावतीपुस्तक देवळाच्या सभामंडपात असेल. घरात पडलेल्या जुन्या फिल्मही तिथे द्या. त्यांत चांदीचा अंश असतो, भंगारात पैसे येतात. मात्र ज्यांचं दुखणं अजून चालू आहे त्यांनी आपली फिल्म देऊ नये, ती पुढे ताडून बघायला लागेल.

— कार्यवाह, ग्रामस्थ मंडळ