‘लॉगिन माझं होतं’ म्हणणाऱ्या तलाठी मॅडमना

तलाठी मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आता तुमच्या पदाचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय हे माहितीय मला, पण आईच्या तोंडात तलाठीच बसलंय, तर इथेही तेच राहू दे. तुमचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि चांगलं काम केलेला माणूस आपल्याकडे आधी कोणाच्या डोळ्यात खुपतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार.

काम तसं बघायला गेलं तर फुटकळ. बाबा २०१९ ला गेले, नंतर वारस नोंदीसाठी सातबारा काढला तर घरामागच्या २१ गुंठ्यांचे १२ गुंठे झालेले. आकडे नुसते उलटे पडलेले, लहान मुलाच्या पण लक्षात येईल असे. पण ते लक्षात आणून द्यायला आम्हाला साडेचार वर्षं लागली, आणि त्या साडेचार वर्षांत काय काय ऐकलं ते सगळं इथे लिहीत बसलो तर रात्र पुरायची नाही. साहेब मीटिंगला गेलेत, सर्व्हर डाऊन आहे, जुनं रेकॉर्ड सापडत नाही, महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली चूक दुरुस्तीचा अर्ज करा, केला का, मग परत करा कारण तो अर्ज पण सापडत नाही. वरती भिंतीवर लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा बोर्ड, कुठली सेवा किती दिवसांत ते सगळं रंगवून लिहिलेलं, आणि त्याच्याच खाली बसून पेपर वाचणारा माणूस आईला सांगतोय, सोमवारी या.

हे सगळं आपण गिळतो हो, सवय आहे. एक वाक्य मात्र गिळलं गेलं नाही. तुमच्या आधी जे होते त्यांच्यापैकी एकाने आईला विचारलं, की तुमच्या मिस्टरांनीच नऊ गुंठे परस्पर कोणाला विकले नसतील कशावरून? ज्या माणसाने आयुष्यभर पोस्टाच्या आरडीचा एक हप्ता चुकवला नाही, त्याच्याबद्दल हा प्रश्न, तो गेल्यावर, त्याच्या बायकोला, चार लोकांसमोर. आई त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. आणि वाईट म्हणजे, हे मी आजच लिहितोय, दोन दिवस माझ्या पण मनात येऊन गेलं की विकले असतील का?

मग तुम्ही आलात. मी डोंबिवलीहून रजा टाकून आलेलो, आणि शर्टाच्या खिशात एक पाकीट होतं. पाचशेच्या चार नोटा. गावात सगळ्यांनी सांगितलेलं, त्याशिवाय काम हलायचं नाही. आता मी कोण, तर राष्ट्रीयीकृत बँकेतला अधिकारी, दर वर्षी सरदार पटेलांच्या जयंतीच्या आसपास आमच्याकडे दक्षता जनजागृती सप्ताह असतो, त्यात हात पुढे करून सचोटीची शपथ घेतो, लाच देणार नाही घेणार नाही, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. ती शपथ घेऊन तेव्हा चार महिने पण झाले नव्हते.

पाकीट काढायची वेळच आली नाही. तुम्ही स्वतः स्टूल घेऊन कपाटावरचं हाताने लिहिलेलं जुनं बाड काढलंत (जे साडेचार वर्षं ‘सापडत नव्हतं’ ते), ओढणीने धूळ पुसली, सर्व्हे नंबर काढला, स्क्रीनवर बघितलं, परत बाडात बघितलं, आणि एकदम गप्प झालात. मला वाटलं झालं, आता ह्या पण म्हणणार सोमवारी या. समोर मंडळ अधिकारी साहेब बसलेले, दोन जण रांगेत, शिपाई चहा घेऊन दारात. आणि तुम्ही आईकडे बघून म्हणालात, “काकू, हे मीच केलंय. सतरा साली सातबारे ऑनलाइन करायचं काम चाललं होतं तेव्हा या सजाचा, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीचा, चार्ज माझ्याकडे होता.”

कोणालाही कळलं नसतं मॅडम. आम्हाला तर सात जन्मात कळलं नसतं. साहेब तुमच्याच सोयीसाठी म्हणाले पण, अहो तेव्हा टायपिंगला पोरं होती, सिस्टिम एरर लिहा आणि मोकळ्या व्हा. तर तुम्ही म्हणालात, “टाइप कोणी का करेना, लॉगिन माझं होतं.” आणि अहवालात तसंच लिहिलंत, माझ्याकडून झालेली चूक असं, स्वच्छ अक्षरात.

आईला लॉगिन बिगिन काही कळत नाही. तिने एवढंच विचारलं, “म्हणजे आमच्या ह्यांनी विकली नव्हती ना?” तुम्ही उठून तिच्याजवळ आलात, तिच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “नाही हो काकू.” बस. जमीन परत नावावर यायला पुढे काय काय लागलं ते लागलं, तुम्हीच केलंत ते सगळं, पण आमच्या घराला जे पाहिजे होतं ते त्या तीन शब्दांत मिळालं. एसटीत आई खिडकीतून बाहेर बघत होती आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती.

आमच्या गावापासून कोतळूक फार लांब नाही, गोखल्यांचं जन्मगाव, नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यामुळे शाळेत असताना गोखले म्हणजे आपल्याकडचेच असा आम्हाला उगाच अभिमान. ती गणिताची गोष्ट सगळ्यांना सांगितली जायची, की गुरुजींनी शाबासकी दिली तर हा मुलगा रडायलाच लागला, कारण गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवलेलं. पण मला त्या दिवसापासून आठवतेय ती मोठेपणीची गोष्ट, जी घरात आजोबांमुळे कानावर पडली होती. १८९७ साली गोखले वेल्बी कमिशनपुढे, म्हणजे हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश आयोगापुढे, साक्ष द्यायला लंडनला गेलेले. इकडे पुण्यात प्लेग, घराघरात घुसून सोल्जरांची तपासणी. मित्रांनी पत्रांतून कळवलं की दोन बायकांवर सोल्जरांनी अत्याचार केले, गोखल्यांनी ते तिकडे जाहीरपणे सांगितलं, केवढा गदारोळ झाला. परत आले तर पुरावा कोणी द्यायला तयार नाही. तेव्हा ह्या माणसाने पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली नाहीत, सगळं स्वतःवर घेतलं आणि बिनशर्त माफी मागितली, गव्हर्नरची आणि सोल्जरांचीसुद्धा. वय ३१. पुण्यात लोकांनी भित्रा म्हणून नाही नाही ते बोलून घेतलं.

आजोबा कट्टर टिळकवाले, ते म्हणायचे, माफी मागायलाच नको होती, सोल्जर काय धुतल्या तांदळाचे होते काय? आणि मला अजूनही वाटतं आजोबांचं अगदीच चूक नव्हतं, प्लेगमध्ये लोकांचे हाल झालेच होते. पण तुमचं ते ‘टाइप कोणी का करेना’ ऐकलं आणि मला त्या माफीतली दुसरी बाजू पहिल्यांदा दिसली. पत्रं लिहिली मित्रांनी, पण बोललो मी. नावं सांगून सुटता आलं असतं, तेवढंच केलं नाही.

आता टीव्ही लावा. माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला गेला, कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो. असतील तर! म्हणजे दुखावल्या नसतीलच बहुतेक, तुमचंच काहीतरी असेल. पूल पडला की चौकशी समिती, समितीचा अहवाल यायच्या आत पुढची निवडणूक. १९५६ साली अरियालूरला रेल्वे अपघात झाला तेव्हा लालबहादूर शास्त्री रेल्वेमंत्री होते, रूळ काही त्यांनी उखडले नव्हते, तरी राजीनामा दिला. त्याच वर्षी आपले चिंतामणराव देशमुख मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले. ही नावं आम्ही भाषणात घेतो, शाळेच्या भिंतीवर लावतो, आणि आपल्याच टेबलावर चूक सापडली की म्हणतो, सिस्टिम.

आम्ही म्हणजे मी. तेवढ्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसलो खरं म्हणजे. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एका रिटायर्ड मास्तरांची एफडी चुकीच्या मुदतीला रिन्यू झाली, त्यांना मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते तेव्हा मोडावी लागली, व्याजात फटका बसला. ते विचारायला आले तर मी म्हणालो, सर, सिस्टिमने ऑटो रिन्यू केलं. ते मलाच थँक्यू म्हणून गेले. लॉगिन माझं होतं मॅडम. आणि माझ्या समोर तर मंडळ अधिकारी पण बसलेले नव्हते, फक्त एक साधा म्हातारा माणूस होता. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन आलो. मास्तर आता नीट ऐकत नाहीत, मला दोनदा मोठ्याने सांगावं लागलं, माझी चूक होती, माझी चूक होती, शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई दार उघडून बघायला लागल्या. फरक किती होता ते काढून नेलं होतं, त्यांनी घेतलं नाही, चहा मात्र पाजला. हलकं वाटलं असं काही म्हणणार नाही. लाजच वाटली.

आणि हो, एक गोष्ट आमची पण होती. त्या २०१७ ला गावात चावडी वाचन झालं होतं, सातबारे वाचून दाखवले, चूक असेल तर सांगा म्हणून. बाबांना ताप होता, आई त्यांच्यापाशी, आणि मी डोंबिवलीत, मला फोनवर सांगितलेलं तर मी म्हटलं जाऊ दे, आपलं क्लिअर आहे. हे मी तुम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

परवा गावाहून कळलं की चूक लेखी कबूल केली म्हणून तुम्हाला कारणे दाखवा नोटीस निघालीय. ज्यांनी साडेचार वर्षं बाड ‘सापडत नाही’ म्हणून कपाटावर ठेवलं त्यांना कसलीच नोटीस नाही, एकजण तर प्रमोशनवर गेला म्हणे. आईला हे कळल्यापासून ती रोज फोनवर तेच विचारते, आपल्यामुळे पोरीला त्रास झाला का रे. तिने आंबोशी आणि कुळथाचं पीठ काढून ठेवलंय तुमच्यासाठी, मी म्हटलं त्या घेणार नाहीत, तर म्हणते मग जेवायला बोलाव, जेवणाला कोण लाच म्हणतो बघते मी.

जेवणाचं तुम्ही बघा. पण नोटिशीच्या उत्तराला आमचा जबाब जोडायचा असेल तर तारीख कळवा. आई तयार आहे, त्या दिवशी रांगेत उभे असलेले दोघेही येतो म्हणालेत, मी विचारून ठेवलंय. मी रात्रीच्या गाडीने निघतो.

आपला,
त्या २१ गुंठेवाल्या काकूंचा मुलगा