खांबावरचं सॉकेट उखडू नका

माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार, यांस
सप्रेम नमस्कार.

मी कळव्यात राहतो, मेल गाडीवरून गार्ड म्हणून निवृत्त झालो. 2022 पासून आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. घरी मात्र मी गार्डच.

जून 2021 मध्ये मंत्रिमंडळाने रेल्वेला 700 मेगाहर्ट्झ पट्ट्यातलं 5 मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, दिलं, तेव्हा बरं वाटलं. त्यावरच्या नव्या रेडिओने धावत्या गाडीतून थेट कंट्रोलशी, म्हणजे गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्या कक्षाशी, बोलता येईल. आमच्या वेळी हातात 5 वॉटचा वॉकी-टॉकी, स्टेशनात 25 वॉटचा सेट. ड्रायव्हरशी बोलायला उत्तम, पण डोंगर आडवा आला की फक्त खरखर. सेक्शन कंट्रोलर लांब बसलेला, त्याच्या कानावर यातलं काहीच जात नसे. आम्ही स्टेशन मास्तरांना सांगायचं, मास्तरांनी कंट्रोल फोनच्या तारेवरून पुढे सांगायचं. निरोप तोंड बदलला की थोडा झिजतोच.

एका पावसाळी रात्री कुणीतरी साखळी ओढली आणि गाडी पारसिक बोगद्यात अडकली. इंजिन ठाण्याच्या बाजूला बाहेर, माझा डबा आत. 1916 चा तो बोगदा, सव्वा किलोमीटरहून लांब. वॉकी-टॉकीवर ‘हॅलो ड्रायव्हर’ करून घसा बसला. शेवटी पोर्टेबल फोन खांद्याला लावून गाडीच्या कडेकडेने चालत बाहेर आलो. टॉर्च मारून खांबावरचा बाण शोधला. जवळचं इमर्जन्सी सॉकेट, म्हणजे पोर्टेबल फोन कंट्रोलच्या तारेला जोडायची जागा, कुठल्या दिशेला ते तो बाण सांगतो. फोनची पिन सॉकेटात खुपसली. पलीकडून कंट्रोलचा आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा इतका स्वच्छ.

म्हणून ही विनंती. रेडिओ नवा आला की जुनी तार भंगारात, असा हिशेब कुणी मांडू नये. अमेरिकेतल्या मालगाड्या शेकडो किलोमीटरवरच्या डिस्पॅचरशी, म्हणजे तिथल्या कंट्रोलरशी, बोलतात, तेव्हाही गाडीतला रेडिओ फक्त जवळच्या टॉवरपर्यंतच पोचतो. पुढचा प्रवास तारेचा किंवा मायक्रोवेव्हचा. असं लांबचं बोलणं गाडीतल्या एकट्या रेडिओच्या जिवावर चालत नाही. आणि टॉवरला वीज लागते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा खिशातले मोबाइल कसे मुके झाले ते आम्ही ठाणेकर विसरलेलो नाही.

नव्या रेडिओत युरोपातल्यासारखं आणीबाणीचं बटण जरूर द्या: एकाने दाबलं की त्या टापूतल्या सगळ्या गाड्यांना एकदम कळतं. बोगद्यांत अँटेनाची केबल टाका. पण पोर्टेबल फोन गाडीतून काढू नका, सॉकेटं दरवर्षी तपासून घ्या. आणि खांबांवरचे बाण पुसट झालेत की काय, तेवढं मेअखेर बघायला सांगा. रंगाचा एक डबा पुरेल.

आपला,
एक निवृत्त गार्ड, कळवा (ठाणे)