नाव जुळले म्हणून वंश जुळत नाही

महोदय,

अमेरिकन सून किंवा जावई घरात आल्यावर त्यांचेही घराणे कुलवृत्तांतात यावे, ही इच्छा चांगलीच. पण त्यासाठी इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत नेणाऱ्या ‘मेफ्लॉवर’ जहाजापर्यंत आणि तिथून थेट इंग्लंडच्या राजापर्यंत पोहोचलेली इंटरनेटवरची वंशावळ जशीच्या तशी उतरवून घेणे बरे नव्हे. गुस्ताव आंजूसारखे लोक शंभर वर्षांपूर्वी अमेरिकन धनिकांना हव्या तशा वंशावळी रचून विकत. ती खोटी नाती अजून फिरताहेत.

आजच्या पिढीपासून एकेक दुवा तपासत मागे जावे. तिथल्या जनगणनेत (गुलाम वगळता) घरातल्या प्रत्येकाचे नाव १८५०पासून मिळते, त्याआधी केवळ कुटुंबप्रमुखाचे. त्यामागे गावची जन्म-विवाहाची दप्तरे, मृत्युपत्रे आणि जमिनीची खरेदीखते. कागदात ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ दिसले की बापलेक समजू नये. एकाच गावातल्या, एकाच नावाच्या थोरल्या-धाकट्यांनाही तसे लिहीत. शिवाय १७५२पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. लग्न मे १६४१चे आणि मूल फेब्रुवारी १६४१चे, यात वावगे काही नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १६४२चा. तारीख १६४१/४२ अशीच उतरवावी.

खरी घसरगुंडी समुद्र ओलांडताना होते. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या १५३८पासून सुरू झाल्या. त्यांत त्या नावाचा, साधारण त्या वयाचा बाप्तिस्मा सापडला की लोक आईबाप मिळाले म्हणून मोकळे! जॉन, थॉमस, विल्यम तर पैशाला पासरी. निदान त्याच वहीतल्या दफनाच्या नोंदी तरी चाळाव्यात. ते मूल लहानपणीच गेलेले असू शकते.

पुरावा कसा असतो ते रिचर्ड वॉरनच्या बाबतीत दिसते. तो १६२०मध्ये ‘मेफ्लॉवर’वरून गेला, बायको एलिझाबेथ आणि पाच मुली १६२३मध्ये गेल्या. तिचे माहेर फार उशिरा कळले. हर्टफर्डशायरमधल्या ग्रेट ॲमवेलच्या ऑगस्टीन वॉकरने १६१३च्या मृत्युपत्रात रिचर्ड वॉरनची बायको म्हणून आपल्या मुलीचा आणि मेरी, ॲन, सारा या नातींचा उल्लेख केला आहे. तिथल्याच चर्चमध्ये १६१०चे लग्नही नोंदलेले आहे. नवरा, बायको आणि थोरल्या तिघी मुली, अशी पाच नावे एकत्र जुळली तेव्हा कुठे अभ्यासकांनी मान्य केले. खुद्द रिचर्डचे आईवडील अजून सिद्ध झालेले नाहीत. कुलवृत्तांतात तो रकाना कोराच छापावा.

– एक वंशावळ-अभ्यासक, पुणे