त्या गोळ्यांबद्दल, सविस्तर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

एवढं लांबलचक पत्र बघून घाबरू नका, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर हा विषय निघाला की आई "बरं बरं, नंतर बोलू" म्हणते आणि बाबा चष्मा शोधायला आत जातात, म्हणून लिहायला बसले. दोघांना मिळून लिहितेय, कारण यातल्या एका प्रश्नाचं उत्तर फक्त बाबांकडे आहे. तो शेवटी.

पाळी नियमित यावी म्हणून मी गर्भनिरोधक गोळ्या घ्यायचं ठरवलंय. हो, त्याच. आई, तू इथे आली होतीस तेव्हा फ्रिजवर चिकटवलेला डॉक्टरांचा कागद वाचलास आणि काही न बोलता कोथिंबीर निवडायला बसलीस, ते मी पाहिलं होतं. तुझ्या मनात काय आलं असेल तेही कळलं. लग्नाआधी मुलीच्या हातात असल्या गोळ्या! पण ही गोळी अमेरिकेत पहिल्यांदा मंजूर झाली ती १९५७ साली, पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली १९६० साली. म्हणजे मी ज्यासाठी घेणार आहे, ते तिचं आधीचं काम आहे.

अकरावीपासून माझी पाळी तीन-तीन महिने गायब व्हायची आणि आली की मुक्काम ठोकायची. मामी म्हणायची, "सुटलीस की गं, कटकट नाही." मलाही तेव्हा ते पटायचं. पण पाळी आली नाही म्हणून आतलं काम थांबत नाही. इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं. बीज सुटलं तर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होतं, ते या वाढीला आवर घालतं, आणि गर्भ राहिला नाही की अस्तर गळून पडतं. तीच पाळी. माझ्याकडे बीजच वेळेवर सुटत नाही, त्यामुळे आवर घालणारं कुणी नाही. जुना रंग न खरवडता दर दिवाळीला भिंतीवर नवा हात मारत राहावा, तसं ते अस्तर जाड होत जातं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्या पेशी बिघडू शकतात आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. माझ्या वयात तो खूपच कमी आहे, उगाच रात्री जागू नका. पण पाळी सलग तीन महिन्यांहून जास्त लांबू द्यायची नाही, वर्षातून निदान चारदा तरी अस्तर गळायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलंय.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचं 'सिस्ट' वाचून बाबांनी "ऑपरेशन करावं लागेल का?" असं विचारलं होतं. नाही. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या आहेत, काढायच्या नसतात. आणि नुसत्या त्या दिसल्या म्हणून पीसीओएस, म्हणजे अंडाशयाच्या हार्मोनच्या गडबडीचा हा माझा आजार, ठरतही नाही. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त आणि सोनोग्राफीत तशी अंडाशयं, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात; २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांनी हे ठरवलं, अजून तेच चालतं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचा दोष नाही ना, हेही आधी बघतात. माझ्यात तिन्ही गोष्टी निघाल्या. हनुवटीवरचे केस तर तुम्हाला माहीतच आहेत. दर पंधरवड्याला पार्लरमध्ये थ्रेडिंगवाली ताई दोरा ताणून विचारते, "लग्न ठरलंय का?" जणू केस लग्नाला घाबरून पळणार आहेत.

आता गोळीच का. पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत कागद लिहून दिला. ना बीपी पाहिलं, ना घरात कुणाला काय आहे ते विचारलं. त्या गोळीत इस्ट्रोजेनच्या जोडीला सायप्रोटेरॉन नावाचं, पुरुषी हार्मोनला अडवणारं औषध होतं. केस आणि मुरमांवर ते चालतं, पण रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्यात जुन्या साध्या गोळ्यांपेक्षा जास्त, त्यामुळे पीसीओएसच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ती पहिल्या पसंतीची धरलेली नाही. तो कागद मी फ्रिजवरच राहू दिला आणि कर्वे रस्त्यावरच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

(बाबा, तुमच्यासाठी: ज्या अण्णा कर्व्यांच्या नावाचा हा रस्ता, त्यांच्या मुलानं, र. धों. कर्व्यांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. प्राध्यापकाची नोकरी गेली, खटले झाले, तरी १९२७ पासून मरेपर्यंत याच विषयाचं मासिक चालवलं. शंभर वर्षं झाली आणि आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला अजूनही ही स्ट्रिप वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून देतो. माझ्यापुढच्या बाईला देताना पाहिलं. खोकल्याचं औषध मात्र उघडं.)

या डॉक्टर बाईंनी आधी बीपी घेतलं, वजन केलं, कंबर मोजली. मग प्रश्न. सिगारेट ओढतेस का? अर्धशिशी आहे का, आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का? यकृताचा काही आजार? घरात कुणाच्या पायात, फुप्फुसात गुठळी? यातलं काही असेल तर इस्ट्रोजेनची गोळी एकतर द्यायचीच नाही, नाहीतर फार विचार करून द्यायची. साखरेचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं. ते नॉर्मल आहे. पण पीसीओएस आणि मधुमेह एकमेकांचे नातलग आहेत. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की इन्शुलिन आणखी वाढतं आणि अंडाशयाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. बाबांची शुगर, आजीची शुगर, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. आई, म्हणून "हिचं बाहेरचं खाणं" एवढ्यावरच खापर फोडू नकोस.

मग रस्ते समोर मांडले. एक, काही न घेता नुसतं वजन कमी करून बघायचं. पाच-दहा टक्के उतरलं तरी काहींची पाळी ताळ्यावर येते. ते मी करतेच आहे, रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर जाते, पण तोवर अस्तराचं काय? दुसरा, दर दोन-तीन महिन्यांनी थोडे दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन पाळी आणायची. अस्तराचं काम होतं, पण मुरमं आणि केस तसेच. तिसरा, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू. तिचंही तेच, आणि बसवून घ्यायची माझी आत्ता तयारी नाही. चौथा, ही गोळी. अस्तर जाड होऊ देत नाही, अंडाशयातलं पुरुषी हार्मोन कमी करते आणि उरलेल्याला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन वाढवते. एका गोळीत दोन्ही कामं होतात, म्हणून मी हिच्यावर बोट ठेवलं.

त्यांनी सुचवली ती लेव्होनॉर्जेस्ट्रेलची (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध, जुन्या साध्या गोळ्यांतलं), सोबत ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन. आई, दूरदर्शनवर ज्या माला-डीची जाहिरात लागली की तू चॅनल बदलायचीस, तिच्यातही हेच आहे. सरकारी दवाखान्यात माला-एन म्हणून फुकट मिळते. २१ गोळ्या हार्मोनच्या, ७ लोहाच्या. त्या सात दिवसांत रक्तस्राव होतो. खरं सांगायचं तर ती नेहमीसारखी पाळी नसते, हार्मोन थांबल्यामुळे येणारा स्राव असतो. चालेल. मला अस्तर पातळ राहण्याशी मतलब.

गुठळीचं भय किती, तेही सांगते, नाहीतर आत्या व्हॉट्सॲपवर काहीतरी पाठवेल. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. ही गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. हल्ली मुली सर्रास घेतात त्या ड्रोस्पिरेनोनवाल्या (तशाच, पण नव्या औषधाच्या) गोळीत नऊ ते बारा. आणि गरोदरपण-बाळंतपणात याहूनही जास्त, त्याला मात्र कुणी "अगं, जपून" म्हणत नाही, पेढे वाटतात. स्तनाच्या कॅन्सरचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो, अंडाशयाच्या आणि अस्तराच्या कॅन्सरचा कमी होतो. एका पायाची पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, दम लागला, एकदम भयंकर डोकं दुखलं किंवा दिसायला अंधुक झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रूममेटलाही सांगून ठेवलंय.

आई, मूल होणार नाही, ही तुझी भीती. गोळी बंद केल्यावर तिचा असर राहत नाही. पाळी पुन्हा अनियमित होईल, कारण गोळीनं आजार बरा होत नाही, आटोक्यात राहतो. पीसीओएसवाल्या कितीतरी जणींना आपोआप दिवस जातात, नाही गेले तर बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या आहेत. स्थळं बघताना हे सांगायचं की लपवायचं, असं तू विचारशीलच. सांगायचं. मीच सांगेन, तुम्हाला अवघडायला नको.

पहिले दोन-तीन महिने मळमळ, मधेच डाग, असं होऊ शकतं. केसांवर फरक दिसायला सहा महिने तरी जातील, आणि आहेत ते केस काही गळणार नाहीत, थ्रेडिंगवाल्या ताईंचा धंदा सुरक्षित आहे. वजन गोळीमुळे फारसं वाढत नाही. वाढलं तर दिवाळीच्या फराळाकडे बोट दाखवेन. तीन महिन्यांनी पुन्हा बीपी तपासायचं आहे. वैद्यांचं अशोकारिष्ट तू पाठवलंस, ते कपाटात आहे, गोळीबरोबर घेणार नाही. रागावू नकोस.

आता बाबा, तुमचा प्रश्न. अंकलीच्या पुलापाशी स्कूटर घसरून तुमचा पाय मोडला होता, तेव्हा प्लॅस्टर निघायच्या सुमाराला पाय मांडीपर्यंत सुजला होता, असं मला आठवतंय. आई तुम्हाला पोटात सुई टोचायला शिकली होती. ती सुई गुठळी झाली म्हणून होती, की होऊ नये म्हणून? दोन्हीसाठी तीच देतात. तुम्ही तेव्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीसचे असाल. सख्ख्या नात्यात इतक्या कमी वयात गुठळी झाली असेल तर डॉक्टर ही गोळी बहुधा देणार नाहीत, मग प्रोजेस्टेरॉनचाच रस्ता. प्लॅस्टरमुळे झालेली असली तरी त्यांना कळायला हवं. म्हणून अजून मी एकही गोळी घेतलेली नाही. सध्या फक्त पाळी आणायला दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या चालू आहेत.

ती फाइल लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांखाली असेल. डिस्चार्ज कार्ड आणि पायाची डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) झाली असेल तर तिचा रिपोर्ट, दोन्हीचे फोटो पाठवा. मागच्या बाजूचेही, डॉक्टर तिथेच औषधं लिहितात. खिडकीपाशी उजेडात काढा आणि कृपया अंगठा मधे येऊ देऊ नका, गेल्या वेळी विजेच्या बिलातला आकडा त्याखालीच गेला होता. बुधवारी संध्याकाळी सहाची वेळ मिळाली आहे, त्याआधी मिळाले तर बरं.

तुमची,
मृणाल