कनवटीला तेवढेच

रामबाग, इंदूर

चि. मृणाल, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, प्रीपेड कार्ड कुठे मिळतं?" मी दुकानात होतो, घाईत "बघू" म्हणून टाकलं. रात्री ते मनातून गेलं नाही. रंग, कॅनव्हास ऑनलाइन मागवताना खात्याचं कार्ड प्रत्येक ठिकाणी द्यायला भीती वाटते, असं तू म्हणालीस. तुझी भीती रास्त आहे.

माझी आजी सियागंजात किराणा आणायला निघायची तेव्हा यादी करून, हिशेब मांडून, लागतील तेवढेच पैसे कनवटीला लावायची. ट्रंकेची किल्ली घरीच. प्रीपेड कार्ड म्हणजे ती कनवट. डेबिट कार्डामागे आपलं सगळं खातं उभं असतं, इथे मात्र आधी भरलेलेच पैसे असतात.

आधी वडोदऱ्यात आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन विचार, किंवा बँकेच्या ॲपमध्ये बघ. सगळ्याच बँका देत नाहीत. नाही मिळालं तर वॉलेट कंपन्याही देतात, पण कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी हवी. परवानगी असलेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. त्यात नाव सापडलं तरच पुढे जा. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून कार्डासाठी अर्ज करायचा नाही, हे मी तुला हात जोडून सांगतो.

रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमांत दोन प्रकार आहेत. मोबाइलवरचा ओटीपी आणि ओळखपत्राचा क्रमांक एवढ्यावर छोटं कार्ड मिळतं. त्यात एका वेळी 10,000 रुपयांपर्यंतच शिल्लक राहते. त्यावर फक्त खरेदी होते, रोख काढता येत नाही की कुणाला पाठवता येत नाही. पूर्ण केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, केली तर शिल्लक 2 लाखांपर्यंत चालते आणि एटीएममधून रोखही निघते. बँकेऐवजी कंपनीचं कार्ड असेल तर एका वेळी 2,000 आणि महिन्याला 10,000, इतकीच. केवायसी आता व्हिडिओ कॉलवरही होते. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेव. तुझ्या रंगांच्या खरेदीला छोटं कार्ड पुरेल, असं मला वाटतं. दुकानात गिफ्ट कार्ड पुढे केलं तर घेऊ नकोस, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत.

कार्डातल्या पैशांवर व्याज मिळत नाही, म्हणून उगाच जास्त भरून ठेवायचे नाहीत. नव्या कार्डावर ऑनलाइन वापर बहुधा बंदच असेल, तो ॲपमधून आपणच सुरू करायचा. खरेदी झाली की पुन्हा बंद कर. कार्ड देण्याचे आणि पैसे भरण्याचे आकार प्रत्येकाचे वेगळे असतात, ते सही करण्याआधी विचार. मी तरुणपणी असे प्रश्न विचारायला लाजायचो. तू लाजू नकोस.

आता जे दोन वर्षं तुला सांगितलं नाही, ते सांगतो. तुझ्या पहिल्या सत्रात मेसचे पैसे उशिरा आले होते, आठवतं? "रात्री वीज कापली जाईल" असा एक फोन आला होता. मी घाबरलो, त्या माणसाने सांगितलेलं ॲप उतरवून घेतलं आणि त्यात कार्डाचा नंबर घातला. थोड्याच वेळात 18,400 रुपये गेले. ते तुझ्यासाठी बाजूला काढलेले होते. याहून मोठी चूक मी त्यानंतर केली. चार दिवस गप्प राहिलो. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, लगेच फोन केला असता तर कदाचित काही रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली असती. मी तक्रार द्यायला गेलो तेव्हा पैसे कधीच पुढे निघून गेले होते. तिथल्या माणसाने विचारलं, "चार दिवस काय करत होतात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून तुझ्या बाबतीत कधी असं झालं, चूक तुझी असली तरी, त्याच मिनिटाला कार्ड ब्लॉक कर, कंपनीला कळव, 1930 लावून टाक आणि मग मला फोन कर. रात्री दोन वाजले असले तरी. मी रागावणार नाही. रागवायचा अधिकार मला उरलाच कुठे?

पैसे नेहमीसारखे पहिल्या तारखेला तुझ्या खात्यात येतील. त्यातून कार्डात किती भरायचे हे तूच ठरव, मी हिशेब मागणार नाही. कार्ड आलं की कळव, पण त्याचा फोटो पाठवू नकोस, मलासुद्धा.

आईने लवंगी शेव बांधून ठेवली आहे. शेजारचे काका अवंतिका एक्स्प्रेसने येणार आहेत, त्यांच्याकडे देतो. स्टेशनवर वेळेत जा.

तुझा,
बाबा