पासवर्ड विसरला म्हणून मदरबोर्ड बदलायचा?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांचे हिशोब लिहायचं काम मी करतो, कम्प्युटर दुरुस्ती हा काय आपला विषय नाही, पण परवा जे झालं ते चार लोकांना कळावं म्हणून लिहितोय.

पेढीवरचा जुना पीसी बघणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेला आणि जायच्या आधी त्यानं बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, पासवर्ड टाकून ठेवलेला, मशीन चालू केलं की आधी पासवर्ड, तीनदा चुकला की ठप्प. फोन केला तर त्यालाच आठवेना! दुकानात नेला तर म्हणाले बोर्ड लॉक झालाय, नवा टाका, साडेपाच हजार, आणि डेटाची गॅरंटी नाही. सगळं टॅली त्यात, पोटात गोळाच आला.

मिरजेचा भाचा आला, म्हणाला "मामा, बोर्डाला काय झालेलं नाय." वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं म्हणजे आत उरलेला करंट जातो, आणि गोल शेलाजवळच्या तीन पिना दाखवल्या. दोन पिनांवर प्लास्टिकची बारकी टोपी, तोच जंपर, शेजारी सीएलआर सीमॉस छापलेलं, म्हणजे बायोसच्या सेटिंग जपणारी मेमरी (सीमॉस) पुसायची जागा. टोपी एक-दोनवरनं काढून दोन-तीनवर दहा सेकंद ठेवली, परत होती तिथं बसवली. पासवर्ड गेला! काही कंपन्यांच्या ऑफिस मशीनला पासवर्डचा जंपर वेगळाच असतो म्हणे, म्हणून आधी बोर्डाचं मॅन्युअल बघायचं.

पण लगेच विंडोज सुरू झालं असं नाही हं, निळी स्क्रीन आली. बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, त्यात हार्डडिस्कचा मोड बदललेला, तो परत एएचसीआय केला तेव्हा चाललं. तारीखही कितीतरी वर्षं मागं गेलेली आणि त्यामुळं जीएसटीची साईट उघडेना, सर्टिफिकेटचा एरर, मग तारीख नीट केली. टॅलीतली एक एंट्री हलली नव्हती, कारण डेटा डिस्कवर असतो, बोर्डावर नाही. शेल पण बदलला, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो.

विंडोजचा पासवर्ड यानं जात नाही, तो वेगळा. आणि बऱ्याच लॅपटॉपमधे बायोसचा पासवर्ड वेगळ्या चिपमधे असतो, तिथं शेल काढून उपयोग नाही, बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं. दुसरं म्हणजे कॅबिनेट उघडता येणाऱ्या कुणालाही हे जमतं, म्हणून आम्ही आता त्याला बारकं कुलूप लावलंय.

दुकानदारांनी मेहनतीचे दोन-तीनशे घ्यावेत, कोण नाही म्हणणार, पण चांगला बोर्ड बाद ठरवून नवा गळ्यात मारायचा हे काय बरोबर नाही. शाळा-पतसंस्थांत असली जुनी मशीनं अजून पुष्कळ आहेत, त्यांनी बोर्ड बदलायच्या आधी एवढं तरी करून बघावं. टोपी मात्र सांभाळा, आमची भाच्याच्या हातून सटकून हळदीच्या पोत्यामागं गेली, ती शोधायलाच अर्धा तास गेला.

आपला,
एक वाचक, सांगली