टाके निघाले म्हणजे झालं असं नसतं गं

प्रिय सुनंदे,

काल फोनवर तू म्हणलीस, ओमकारच्या डोक्याचे टाके निघाले, सीटी स्कॅन पण चांगला आला, मग हे लेकरू असं कामून वागायलंय? तुझ्याकडं पाहुणे होते म्हणून नीट बोलता आलं नाही, आता लिहायलेय ते निवांत वाच.

आमच्या श्रेयाच्या डोक्याला मार लागला त्या वेळंला पण असंच झालं. डोक्यावर केस आले, चालायला-बोलायला लागली की सगळ्यांच्या लेखी ती बरी झाली, आणि अवघड काम तर तिथून पुढं होतं. कपाळाच्या मागं मेंदूचा जो भाग असतो ना, राग आवरणं, लक्ष देणं, काम ठरवून करणं हे तिथनं चालतं, आणि डोकं जोरात आपटलं की त्या भागाला मार बसतोच बऱ्याचदा. म्हणून ओमकार ताट ढकलतो, बहिणीवर हात उगारतो तर तो माजला नाही गं, त्याला आवरता येईना गेलंय. सासूबाईंना नजर काढायची तर काढू दे, त्यांचा पण जीव तुटत असंल, फक्त फिटची गोळी चुकवू नको आणि डॉक्टरला विचारल्याबिगर बंद करू नको. डोकं वाढत्या प्रमाणात दुखायलं, उलट्या झाल्या, किंवा उठवूनही उठंना तर सकाळची वाट बघू नको, तसंच दवाखान्यात ने.

आणि थकवा ओळखायला शिक, बाकी सगळं नंतर. श्रेया दमली की जांभया देत नव्हती, चिडायची, तेच तेच विचारत बसायची. मग टीव्ही मोबाईल बंद, अंधाऱ्या खोलीत झोप. काम सांगायचं ते पण एका वेळी एकच, आधी हातपाय धू, झालं की मग दप्तर. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात एवढे भाऊबंद, लेकरांचा कालवा, मला धाकधूक होती, पण माझ्या जावेनं पूजेच्या कोपीपासून लांब आंब्याखाली तिच्यासाठी आधीच बाज टाकून ठेवलेली. भज्जी-भाकरी खाल्ली, आंबील प्याली आणि जाऊन पडली, कुणी उठवलं नाही, आणि संध्याकाळी स्वतः उठून लेकरांत आली. लग्नकार्यात अशी एक जागा आधीच बघून ठेवत जा.

शाळेची घाई नको, आधी दोन तास, मग अर्धा दिवस, आणि सरांना घरी बोलावून सगळं समजावून सांग. क्रिकेट, सायकल डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंदच, भरत आलेल्या मेंदूला दुसरा मार लई वाईट. गाडीवर बसवलंस तर हेल्मेट पाहिजेच, चार वर्षांवरच्या लेकराला ते कायद्यानंच लागतं.

लोक म्हणतेत लहान आहे, भरून निघंल. अर्धं खरं आहे ते. ओढ्यावरचा रस्ता खचला की माणसं बांधावरनं पायवाट पाडतेत ना, मेंदू पण तसाच नवीन वाट काढतो, पण रोज चालल्यानंच, म्हणून फिजिओथेरपी आणि बोलण्याचा सराव घरी पण चुकवायचा नाही. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यामुळं आज न दिसलेली अडचण आठवी-नववीत अभ्यास वाढला की दिसू शकते. म्हणून फाईल जीवापाड जप, दवाखान्यातनं सुट्टी दिल्याचा कागद, स्कॅन, आणि जीसीएसचा आकडा, लेकरू किती शुद्धीत होतं ते सांगणारा, 3 ते 15 मधला असतो तो, भरती केलं तेव्हा किती होता ते पुढं प्रत्येक डॉक्टर विचारंल. कमीपणा कायम राहिला आणि सरकारी दवाखान्यानं 40 टक्के किंवा जास्त लिहून दिलं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढ, 2016 च्या दिव्यांग कायद्यानं 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक पण मिळतो. सर्टिफिकेट घेतलं म्हणून लेकरावर शिक्का बसतो असं भावजी म्हणत असतील तर मी बोलते त्यांच्याशी.

रविवारी सकाळच्या एसटीनं परभणीला येतेय. फाईल काढून ठेव, स्वयंपाकाचं काही करू नको, भाकरी मी बांधून आणते. दुपारी ओमकारजवळ मी बसते आणि तू दार लावून झोप, किती दिवसांची जागरणं झालीत तुझी.

तुझीच,
मंगल
लातूर